एकवर संपणारे आकडे

"आठ एक्कावन्न," कुसुम म्हणाली. "कुणीतरी आठ एक्कावन्न टाकलेत."

मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसची खिडकी आणि शेजारच्या फाउंड्रीच्या ऑफिसची खिडकी समोरासमोर होती. मध्ये कंपाउंडची भिंत आणि भिंतीवर वाळत टाकलेले कामगारांचे टॉवेल. पलीकडे धनपाल चौगुले माझ्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्याचा उजवा हात टेबलावर हलत होता.

"कुणीतरी कशाला म्हणतेस? नाव घे की त्याचं."

"नाव कुठं दिसतंय? नुसतं 'पुरवठादार चार' एवढंच येतंय."

"आकडा दिसतोय ना? एक्कावन्न. शेवटी एक लावल्याशिवाय आजवर भाव दिलाय का त्यानं कुणाला?"

ते खरंच होतं. धनपाल म्हणजे माझा साडू. कुसुमची धाकटी बहीण रत्ना त्याला दिलेली. त्याचं लग्न झाल्यावर मीच त्याला हा धंदा दाखवला, प्लॉट घेताना माझ्याच शेजारचा घ्यायला लावला. तेव्हापासून त्याची एक सवय. आहेरात जसा वर एक रुपया ठेवतात, तसा तो प्रत्येक कोटेशनमध्ये ठेवायचा. दोनशे चाळीसचा भाव असला तर दोनशे एक्केचाळीस लिहायचा. शून्यावर संपलेला आकडा पुढे वाढत नाही म्हणे. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक तो एक रुपया द्यायचं. माझ्याकडून मात्र प्रत्येकाने पाच रुपये कमी करून घेतले.

मी जळका माणूस आहे. हे मी कधी लपवलं नाही, लपवून लपलंही नसतं. सासुरवाडीला गेलं की थोरला जावई म्हणून पहिलं ताट माझं असायचं. ज्या वर्षी धनपालने नवी गाडी घेतली, त्या वर्षी सासरेबुवा आधी गाडी बघायला अंगणात गेले आणि माझी आमटी गार झाली. त्याच्या ऑफिसात ग्रॅनाइटची फरशी आली त्या आठवड्यात मला पित्ताचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, तिखट कमी करा. मी म्हणालो, तिखटाचा काही संबंध नाही.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली ही गोष्ट. वीसएक वर्षं होत आली. आम्ही दोघं ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतायचो. विहिरीवर, उसाच्या गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे इंजिनं असायची आणि त्यांच्या पोटात आमचं लोखंड. मग शाहूपुरीतल्या दुकानांत चीनचे छोटे पंप येऊन बसले. दिसायला खेळण्यासारखे आणि आमच्या इंजिनाच्या निम्म्या किमतीत. शेतकरी एका हाताने उचलून मोटरसायकलला बांधून न्यायचे. दोन वर्षांत आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली. त्यातून आम्हाला वर काढलं ते हॉलंडच्या एका पंप कंपनीने. तिला बेअरिंग बसवायचं एक ओतीव घर लागायचं, आम्ही त्याला नुसतं 'हाउसिंग' म्हणायचो. साठ टक्के माल धनपाल द्यायचा, चाळीस टक्के मी. साठ आणि चाळीस का, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. पण कंपनीचा यान नावाचा उंच माणूस आला तेव्हा रत्नाने त्याला पुरणपोळी वाढली आणि तो हाताने जेवला, त्याचा फोटो धनपालच्या ऑफिसात लागला. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा आदल्या दिवशीच्या पुरणाने त्याचं पोट बिघडलं होतं. आमच्याकडे तो फक्त पाणी प्यायला.

त्या वर्षी कंपनीने कळवलं की आता दोघांकडून माल नको, एकच पुरवठादार हवा, आणि तो उलट्या लिलावाने ठरेल. म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बसायचं, एका नगाचा भाव युरो-सेंटमध्ये खाली खाली आणत जायचं, आणि सगळ्यात खाली जो उरेल त्याला दोन वर्षांचं काम. कंपनीचे पुण्याचे एजंट देवस्थळी यांनी येऊन आम्हाला वेगवेगळं शिकवलं आणि सह्या घेतल्या. जिंकणाऱ्याने माल द्यायचाच, माघार घेतली तर दंड. कोण कोण उतरणार हे मात्र सांगायचं नाही, असा नियम. मी मनात म्हटलं, मला सांगायची गरजच काय? भिंतीपलीकडे तर आहे.

माझ्याकडे अठरा माणसं होती. हाउसिंगचं काम गेलं असतं तर भट्टी आठवड्यातून एकदा तरी पेटली असती की नाही, शंका होती. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला अठरा माणसं आठवत नव्हती. मला फक्त धनपालची पाठ दिसत होती.

"आठ पंचेचाळीस टाक," मी म्हणालो.

कुसुमने टाकले. आमच्या ऑफिसचं सगळं टायपिंग आणि हिशेब तीच बघायची, कॉम्प्युटरही तीच शिकली होती. मला माउस कधी नीट चालवता आला नाही.

"आठ एकतीस आले."

"आठ पंचवीस."

"आठ अकरा."

"बघ. बघितलंस? एकतीस, अकरा. काय माणूस आहे. तोट्यात चाललाय तरी एक सोडवत नाही."

"तोट्यात कुठं अजून?" कुसुम म्हणाली. "साडेसातपर्यंत आपल्यालाही परवडतंय. त्यांनाही परवडत असणार."

"त्यांना, त्यांना काय लावलंयस? तुझा मेव्हणा आहे तो."

"मेव्हणाच आहे. वैरी नाही."

मी परत खिडकीशी गेलो. धनपालने मान मागे टाकली होती, बोटं डोक्यामागे गुंफली होती. आळस देत होता. पन्नास लाखांच्या कामाचा लिलाव चालू आणि हा आळस देतोय. म्हणजे याच्याकडे अजून खूप जागा आहे. भाव खाली आणायला इतकी जागा याला येते कुठून? लोखंड एकाच दुकानातून घेतो, कोळसा एकाच ट्रकने येतो, मजुरी एकच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सात एक्याण्णव."

"सात पंच्याऐंशी."

"सात एकाहत्तर."

"साडेसात," मी म्हणालो.

कुसुमचा हात थांबला. "एकदम?"

"एकदम. कळू दे त्याला."

तिने टाकले. पडद्यावर घड्याळ उलटं चालत होतं आणि त्याची अशी खोड होती की शेवटच्या दोन मिनिटांत कुणी भाव टाकला की ते पुन्हा पाच मिनिटं पुढे ढकललं जायचं. मिनिट संपत आलं. मला वाटलं, झालं. तेवढ्यात कुसुमने सुस्कारा सोडला.

"सात एकतीस."

"सव्वासात टाक."

"अहो, साडेसातच्या खाली जायचं नाही असं काल तुम्हीच सांगितलंत. लोखंड, कोळसा, मजुरी, पॅकिंग, सगळं धरून साडेसात काढलेत आपण. त्याच्या खाली प्रत्येक नगामागं आपण पदरचं घालणार."

"तो कुठनं घालतोय मग?"

"मला काय माहीत. विचारू काय? रत्नाला फोन लावते. दोघींचं बोलणं होऊ दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"फोनला हात लावायचा नाही."

"का पण?"

"म्हणजे उद्या तुझा बाप म्हणणार, थोरल्यानं बायकोला मध्ये घालून धाकट्याकडनं काम मागून घेतलं. लावायचा नाही म्हणजे लावायचा नाही."

कुसुमने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी पंचवीस वर्षांत सरावलो होतो, त्यामुळे मला काही वाटलं नाही. तिने सव्वासात टाकले आणि खुर्ची मागे सरकवून ती उठली.

"मी नाही टाकणार आता. तुम्ही टाका."

मी बसलो. त्या दिवशी माउस मात्र बरोबर चालला. सात अकरा आले, मी सात पाच टाकले. सहा एक्याण्णव आले, मी सहा पंच्याऐंशी. प्रत्येक वेळी मी मान वळवून खिडकीकडे बघत होतो. प्रत्येक वेळी धनपालची पाठ तशीच. एकदा त्याने चहाचा कप उचलला, एकदा हसल्यासारखे खांदे हलले. मला हसतोय, मी म्हणालो. कुसुम मागे भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "त्यांना तुम्ही दिसताय तरी काय?"

सहा एकाहत्तर. सहा पासष्ट. सहा एक्कावन्न. सहा चाळीस. मोल्डिंग शॉपमधून आमचा मिस्त्री काहीतरी विचारायला दारात आला आणि माझं तोंड बघून परत गेला. मला आठवतंय, त्या वेळी माझ्या डोक्यात सासरेबुवांचं अंगण होतं. धनपाल गाडीतून उतरतोय आणि या वेळी ते त्याला विचारतायत, काय हो, हॉलंडचं काम गेलं म्हणे थोरल्याकडे?

"सहा एकतीस," मी स्वतःच मोठ्याने वाचलं.

आणि सव्वासहा टाकले.

घड्याळ पाच मिनिटांवर गेलं आणि खाली यायला लागलं. चार. तीन. कुणी काही टाकलं नाही. दोन मिनिटं राहिली, एक राहिलं. मी खिडकीकडे बघितलं. धनपाल उठला, कॉम्प्युटर बंद केला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि दिवा मालवून बाहेर पडला. माझ्या पडद्यावर लिलाव संपल्याची पाटी आली. सगळ्यात खालचा भाव माझा.

"उठला," मी म्हणालो. "बघितलंस ना? उठून गेला."

मी ड्रॉवर उघडून पेढ्यांचा पुडा काढला.

"हे कधी आणलेत?" कुसुमने विचारलं.

"सकाळी."

"कुणासाठी?"

पुडा घेऊन बाहेर पडलो, गेटमधून वळसा घालून धनपालच्या गेटवर गेलो. आत मोल्डिंग शॉपमध्ये शांतता होती. साच्यांच्या पेट्या एकावर एक रचून ठेवलेल्या, वाळू झाकून टाकलेली. फक्त मागच्या शेडमध्ये लेथ चालू होते. बातमी एवढ्यात कामगारांपर्यंत पोचली की काय, मला वाटलं, आणि मनाला इतकं गोड वाटलं की पुडा उघडून एक पेढा मीच खाल्ला.

धनपाल अंगणात नळावर तोंड धूत होता. मला बघून त्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"या, या पावणं. आज इकडं कसं काय? बसा की आत."

"बसायला नाही आलो. पेढे द्यायला आलो."

"अरे वा. लिलाव झाला काय? तुम्हालाच मिळालं?"

त्याचा चेहरा खुलला. खोटं खुलणं मला ओळखता येतं, मी स्वतः ते आयुष्यभर केलंय. हे खोटं नव्हतं. त्याने एक पेढा घेतला, निम्मा तोंडात टाकला.

"तुला माहीत नाही मिळालं ते?"

"मला कसं माहीत असणार?"

"सकाळपासून कॉम्प्युटरवर बसून काय करत होतास मग?"

धनपाल जरा ओशाळला. "पत्ते खेळत होतो. त्या कॉम्प्युटरात आहेत बघा, एकट्यानंच लावायचे. काम काय नाही हो हल्ली, बसून बसून तेवढंच."

मला वाटलं, हा हरल्यावरही मला फसवतोय. त्याच्या ऑफिसात जाऊन मी फोन उचलला आणि देवस्थळींचा नंबर लावला. धनपाल माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"अभिनंदन मगदूमसाहेब," देवस्थळी म्हणाले. "जिद्दीने खेळलात. हॉलंडचे लोक खूष आहेत, एवढं खाली येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं."

"समोर कोण होतं?"

"नावं सांगायची पद्धत नाही हो. पण आता संपलंय, तर सांगतो. चीनचे होते. गावाचं नाव मला काही नीट उच्चारता यायचं नाही."

"आणि चौगुले?"

"चौगुले कुठे होते? त्यांनी सोमवारीच नाव मागे घेतलं. तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं, तुम्ही नातेवाईक आहात."

"मग त्याचे सगळे आकडे एकवर कसे संपत होते?"

"एकवर? बघू. हो की. पहिला भाव तसा टाकला असेल, मग वीस वीस सेंट कमी करत गेले. त्यात काय विशेष आहे?"

मी फोन ठेवला. यानचा फोटो समोर भिंतीवर होता, हाताला पुरण लागलेलं. धनपालने खुर्ची पुढे केली आणि या वेळी मी बसलो.

"नाव कशाला काढलंस?" मी विचारलं.

"आता सांगतोच. आपण दोघं उतरलो असतो तर एकमेकांना ओढत कुठं नेलं असतं, काय सांगावं. मी कितीवर थांबलो असतो ते मला ठाऊक होतं. तुम्ही थांबला नसता." तो हे हसत म्हणाला, टोमणा मारल्यासारखं नाही. "रत्ना म्हणाली, ताईच्या घरात तरी राहू दे ते काम. माझं ओतकाम तसंही बंद करायचं चाललंय. नुसतं लेथवरचं काम घेणार आहे, तेवढं मिळतंय पुण्याकडनं."

"मला सांगायचं होतंस मग."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता पावणं? उपकार करायला आलाय, म्हणाला असता. आणि हट्टानं तुम्हीही नाव काढलं असतंत. म्हणून रत्ना म्हणाली, लिलाव होऊ दे, मग सांगू."

मी अगदी तेच म्हणालो असतो. शब्दही तेच वापरले असते.

"बरं, ते राहू दे," धनपाल म्हणाला. "कितीला सुटलं?"

"सव्वासहा."

त्याने हातातला उरलेला निम्मा पेढा परत पुड्यात ठेवला. कागद-पेन्सिल घेतली नाही. भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब कागदावर करावा लागत नाही.

"पावणं, यात लोखंड आणि कोळसा आला की संपलं. मजुरी कशातनं देणार?"

"बघू."

"एवढं खाली कशाला गेलात?"

"तू होतास म्हणून."

"मी पत्ते खेळत होतो हो."

"मला तू दिसत होतास."

धनपाल उठला, खिडकीशी गेला. तिथून त्याला आमची खिडकी दिसत होती आणि खिडकीत कुसुम. त्याने तिला हात केला की नाही, मला दिसलं नाही. मग माझ्याकडे न बघता बोलला.

"निम्मे नग माझ्याकडं पाठवा."

"काय?"

"निम्मं काम इकडं पाठवा. माझी भट्टी अजून मोडलेली नाही, पोरंही आहेत. दोन वर्षं काढू. सही झालीय तर सोडता येणार नाही, पण एकट्यानं ओढलंत तर वर्षभरात झोपाल तुम्ही. निम्मं मी घेतलं तर तोटाही निम्मा होईल तुमचा."

"आणि निम्मा तुझा?"

"होऊ दे. लेथवरनं भरून काढीन. घरातलंच आहे की."

त्याच्या गाडीचा, ग्रॅनाइटचा, त्या भिंतीवरच्या फोटोचा मी जो हेवा केला होता, तो सगळा एकत्र केला तरी या क्षणाएवढा भरला नसता. गाडी मलाही घेता आली असती, पैसे असते तर. हे बोलणं माझ्या तोंडून कुठल्याही पैशाने बाहेर पडलं नसतं. आणि तो तर ते सहज बोलून गेला होता, वर पुन्हा नळावर हात धुवायला निघाला होता. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली.

"ऑर्डर माझी आहे," मी म्हणालो.

"तुमचीच आहे. मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग माझी मी बघतो."

"पावणं, जरा विचार करा. ताईला विचारा."

मी उठलो. पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवला. त्याच्या अंगणातून, त्याच्या गेटमधून रस्त्यावर आलो आणि वळसा घालून आमच्या गेटमध्ये शिरलो. तेवढ्या चालण्यात माझं ठरलं. ते ठरलेलं मी पुढे चौदा महिने पाळलं, अठरातली सोळा माणसं एकेक करून दुसरीकडे गेली तरी पाळलं. मग बँकेने दाराला कुलूप घातलं. आज त्या प्लॉटवर बाहेरून येणाऱ्या पंपांचं गोदाम आहे, आणि पलीकडे धनपालचे लेथ अजून चालतात. त्याचा पोरगा आता ते बघतो, आणि म्हणे तोही कोटेशनला वर एक लावतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी ऑफिसात आलो तर कुसुम अजून खिडकीशीच होती.

"काय म्हणाले?"

"तो नव्हताच. चीनचा कुणीतरी होता."

कुसुमने डोळे मिटले, मग उघडले. बहिणीच्या नवऱ्याची काळजी मिटल्यावर तिला आमची आठवली असावी. खुर्चीत बसली आणि बंद पडद्याकडे बघत म्हणाली, "तो तरी एवढा खाली कशाला आला असेल हो? त्याच्याही शेजारी कुणी साडू असेल काय?"

मला हसू आलं नाही. मी टेबलावरचे कागद नीट लावत राहिलो.

"आणखी काय म्हणाले?"

"निम्मं काम मागत होता. तोट्यासकट."

"तोट्यासकट?" ती वळली. "निम्मा तोटा स्वतःवर घेतो म्हणाले?"

"हो."

"मग?"

"दिला नाही," मी म्हणालो.